झाकणावरचा आकडा

३ ऑक्टोबर १९७४, गुरुवार

कारखान्याला सुट्टी. सकाळी सुमेधाने बाजाराची पिशवी हातात दिली आणि मी ती घेऊन सरळ दापोडीला, हिंदुरावाच्या भंगाराच्या वखारीत गेलो. पिशवीत भाजी आली नाही, विमानाची उंची दाखवणारं एक मीटर आलं. काच तडकलेली, काटा गेलेला, पण पाठीवर मुकुट आणि ‘ए.एम.’ ही अक्षरं शाबूत. म्हणजे लढाईच्या काळातला ब्रिटिश हवाई दलाचा माल. हिंदुराव म्हणाला, “मोटरसायकलचं मीटर हाय सायेब.” गोल आणि काचेचं दिसलं की त्याच्या लेखी ते मोटरसायकलचं.

घरी सुमेधा म्हणाली, “दोन खोल्यांत राहतो आपण. त्यात तुमची ही सवत कुठे ठेवू?” कॉटखाली जागा नाही हे खरं आहे. निम्म्यात माझे सुटे भाग आणि निम्म्यात आमच्या लेकीच्या, मृदुलाच्या लग्नाचे पापड, कुरडया. लग्न पाच डिसेंबरला. शेवटी शैलावहिनींनी पापडाचे डबे सरकवले आणि मीटरला कोपरा करून दिला. त्या माझ्या थोरल्या भावाच्या, मधूदादाच्या पत्नी, लग्न झाल्यापासून आमच्याचकडे. मृदुलाला न्हाऊमाखू त्यांनीच घातलं. ती आमच्यापेक्षा त्यांचीच जास्त.

पितृपक्ष चालू आहे. वडिलांचं श्राद्ध झालं. मधूदादाचं पान आम्ही वाढत नाही, कारण तो गेला असं कुणी सांगितलेलं नाही. पंचेचाळीसच्या ऑगस्टात तो हवाई दलात फिटर होता. ज्या डाकोटातून मुंबईहून पुण्याला निघाला, ते विमान पोचलंच नाही. कागदोपत्री ‘बेपत्ता’. बारा वर्षांनी करतात तो विधीही आईने तिच्या हयातीत करू दिला नाही. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. अजून कुंकू लावतात, हळदीकुंकवाला जातात, ओट्या भरतात. त्या विमानाचा नंबर, केटी ६१८, आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तोंडाने कुणी म्हणत नाही.

माझ्या छंदाचा या गोष्टीशी काही संबंध नाही. लोक उगाच जोडतात. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, मी हे जमवतो.

१० ऑक्टोबर, गुरुवार



चाकणला कांदे आणायला गेलो होतो. बाजाराच्या कडेला डोंगरातला एक माणूस रानातला मध घेऊन बसला होता. मडक्यावर झाकण होतं आणि माझे पाय तिथेच थांबले. तव्याएवढा चौकोनी पत्रा, कडा किंचित वळलेल्या, चार कोपऱ्यांत चार भोकं, त्यातल्या एकात अजून पाव फेऱ्यात सुटणारा स्क्रू. मडक्याचं झाकण असं कुणी करत नाही. विमानाच्या अंगावरच्या तपासणीच्या खिडकीचं झाकण होतं ते, डाकोटाच्या मापाचं.

“हे कुठं मिळालं?”

“आमच्या रानात. भीमाशंकराच्या अंगाला.” त्याचं नाव धोंडीबा. “म्हाताऱ्यानं आणल्यालं. मी ल्हान हुतो तवा. चुलीम्होरं आडोशाला हुतं, आता मधावर ठिवतो.”

“देणार का?”

“आन मधावर काय ठिवू?”

शेजारच्या दुकानातून नवं कोरं अ‍ॅल्युमिनियमचं ताट आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते वाजवून बघितलं, माझ्याकडे बघितलं. ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. झाकण मिळालं. कांदे राहिले.

एस.टी.त मांडीवर घेऊन उलटं केलं. विमान उघडतात तेव्हा चारपाच झाकणं एकदम निघतात. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून फिटर लोक आतल्या बाजूला ब्रशने विमानाचा नंबर लिहून ठेवतात. इथेही लिहिला होता. चुलीची काजळी आणि त्यावर तुपकट मेणाचा थर, त्यातून पिवळा रंग डोकावत होता. के. टी. सहा. एक.

शेवटच्या आकड्याची फक्त उजवी बाजू दिसते. दोन गोलाया, एकावर एक. डावी बाजू काजळीखाली आहे. इंग्रजी तीन असेल किंवा आठ असेल.

११ ऑक्टोबर

काल जेवताना सांगून टाकलं. मृदुला मैत्रिणीकडे गेली होती. सुमेधाचा घास हातात राहिला. वहिनी ताक वाढत होत्या, त्यांनी ते नीट वाढलं आणि आत गेल्या.

नंतर सुमेधा हळू आवाजात म्हणाली, “आठ निघाला तर?”

“तर कळलं.”

“काय कळलं? सुतक येईल. वर्षभर घरात मंगलकार्य नाही. व्याही केवढे सोवळ्याचे आहेत, ठाऊक आहे ना? थांबतील ते वर्षभर? आणि थांबले, तरी वहिनी मांडवात कुठे उभ्या राहतील? जिला वाढवली तिची हळद दळायची नाही त्यांनी?”

“मी फक्त एका झाकणाची ओळख पटवतोय,” मी म्हणालो.

“लग्न होईपर्यंत नका पटवू.”

उचलली जीभ लावली टाळ्याला! नंबर काय माझ्या सोयीने बदलणार आहे? जे असेल ते असेल. मी इन्स्पेक्शनचा माणूस आहे, नग हातात आला की पास नाहीतर फेल. मधे टांगून ठेवणं मला जमत नाही.

१७ ऑक्टोबर

घाई करायची नाही असं ठरवलंय. रॉकेल लावलं तर काजळीबरोबर रंगही जाईल. लॅबमधल्या आबाजींकडे एक द्रावण आहे, ते नुसती काजळी उचलतं. पण आबाजी नवरात्रासाठी कोल्हापूरला गेलेत, ते दसऱ्यानंतर येणार. तोवर झाकण जुन्या धोतरात गुंडाळून कॉटखाली.

मन कशात लागत नाही. काल शिफ्टमध्ये बुशांचा अख्खा लॉट परत पाठवला. फोरमन भांडायला आला, फेरमोजणी केली तर माल बरोबर. मीच मापाचा गेज उलटा धरला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बसमध्येही मी पुढच्या गाड्यांच्या नंबरांमधले तीन आणि आठ बघत बसतो.

घरी आलो की आधी कॉटखाली वाकून बघतो. आज वाकलो तर धोतराची गाठ वेगळी दिसली. वहिनींनी झाडताना सरकवलं असेल.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

संपलं सगळं.

सकाळी कारखान्यात मशीनच्या पूजेला जावं लागलं. घरी माझ्या सुट्या भागांची पूजा दरवर्षी वहिनी मांडतात. मीच शिकवलंय त्यांना, पितळेला चिंच, पोलादाला रॉकेलचा बोळा, अ‍ॅल्युमिनियमला नुसतं मऊ कोरडं फडकं. मी परतलो तेव्हा पाटावर सगळं मांडलेलं होतं. मीटरं, मॅग्नेटो, शेपटाकडचं छोटं चाक, प्रत्येकाला हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. मधोमध झाकण.

झाकण दोन्ही बाजूंनी काळंठिक्कर पडलं होतं. काजळी नव्हती, रंग नव्हता, एक रेघसुद्धा नव्हती. हंड्यात धुण्याचा सोडा घालून उकळवलं होतं त्यांनी.

मी ओरडलो. शेजारचे दार उघडून बघायला लागले एवढा ओरडलो. “सोड्यात? अ‍ॅल्युमिनियम सोड्यात घालतात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?”

वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. “चुकलं, भावजी. फार तुपकट झालं होतं. सणाची घाई, सुचलं नाही.”

“सुचलं नाही!”

“नाही सुचलं,” त्या म्हणाल्या आणि उरलेल्या फुलांची परडी घेऊन आत गेल्या.

मी जेवलो नाही. भिंगाखाली धरलं, तिरप्या उजेडात धरलं. ब्रशने लिहिलेलं अक्षर पत्र्यात उमटत नाही, आबाजी काय, ब्रह्मदेव आला तरी ते परत यायचं नाही. एक भांडं घासण्यात एकोणतीस वर्षं धुऊन गेली. मला त्यांचा इतका राग आला होता की रडूच आलं.

२५ ऑक्टोबर, दसरा

वहिनींनी सोनं दिलं. मी घेतलं, बोललो नाही.

सुमेधा म्हणाली, “वहिनी आजवर अ‍ॅल्युमिनियमचे डबे कशाने घासतात, बघितलंय कधी?”

“राखेने. तेच तर म्हणतोय मी! सोड्याने काळे पडतात म्हणून मोलकरणीला बोलणाऱ्या बाई ह्या. ज्याला माहीत आहे तोच माणूस नेमका कसा विसरतो?”

सुमेधा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही मोठे इन्स्पेक्टर,” आणि श्रीखंडाचं पातेलं घेऊन गेली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

गेला गुरुवार चाकणला फुकट गेला. आज धोंडीबा भेटला. माझं ताट मडक्यावर छान बसलंय.

“आसं आजून हाय का तिकडं?” मी त्याच्याच बोलीत विचारलं. तो हसला.

“लई न्हाई ऱ्हायलं. लोकांनी नेलं. कुणी गुरांच्या पान्याला डोणी केल्या, कुणी कवाडाला ठोकलं. पर शेपाट हाय. शेरडं बांधतो आमी त्यात पावसाळ्याची.”

“शेपटावर काही लिहिलंय?”

“हाय की. आकडं हायती, वीतभर. आतल्या अंगाला दरडीला टेकलंय, म्हून पाऊस न्हाई लागला. आमाला काय वाचता येतंय?”

“माणसं होती त्यात?”

धोंडीबा मडक्यावरचं ताट उगाच सरळ करत राहिला. “व्हती. म्हाताऱ्यानं मातीआड केली. दगडांच्या धा-बारा राशी मांडल्याती. पोलिसाला सांगितलं न्हाई, भ्यालं समदे. त्या वक्ताला गोऱ्याचं राज, काय तरी आंगावर यायचं.”

पुढच्या गुरुवारी त्याने मला वर न्यायचं कबूल केलं. परतीच्या गाडीत एक मिनिट बसवलं नाही, पिंपरीपर्यंत दाराशी उभाच होतो.

घरी वहिनी एकट्या तांदूळ निवडत होत्या. मी सांगून टाकलं. गप्प बसणं जमलं नाही. त्या बोटाने तांदळातून रेघा ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, “भावजी, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही.”

“नाही.”

“मृदुलाचं लग्न होऊ दे. मग जाऊ. मी येईन तुमच्याबरोबर.”

“अहो वहिनी, डोंगर आहे तो! तुमचे गुडघे दुखतात.”

“माझे गुडघे मी बघते.”

हो म्हणालो. खरं तर त्यांना हवा बदलायची असेल. लग्नाच्या कामाने दमल्या आहेत बिचाऱ्या. पण अजून महिनाभर थांबायचं. तीन की आठ, तीन की आठ.

२० नोव्हेंबर

ह्या दिवाळीत पाडव्याला वहिनींनी दादाच्या फोटोला ओवाळलं नाही. दरवर्षी ओवाळतात. ताम्हन हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि मग मलाच म्हणाल्या, “बसा भावजी, सुमेधा ओवाळतेय तुम्हाला.” विसरल्या असतील. हल्ली बऱ्याच गोष्टी विसरतात.

त्या झाकणावरून अजून मी त्यांच्याशी सरळ बोलत नाही, हे मला कळतं. काय करू? माझा स्वभावच किरकिरा.

६ डिसेंबर

मृदुला सासरी गेली. घर खायला उठलंय.

वहिनी हिरवा शालू नेसल्या होत्या, तो त्यांचा स्वतःच्या लग्नातला. घाणा भरताना मुसळाला पहिला हात त्यांचा लागला, हळद दळताना जात्यावर त्यांचीच ओवी. विहीणबाईंनी सगळ्यांसमोर त्यांची ओटी भरली आणि म्हणाल्या, “अशी सवाष्ण घरात असली म्हणजे काय बघायचं!” वहिनी हसल्या. इतक्या देखण्या त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. सुमेधाने मात्र डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं मुलीसाठी रडतेय.

निघताना मृदुला आधी त्यांच्या गळ्यात पडली, मग आमच्या. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “झालं हो सगळं नीट. झालं.”

संध्याकाळी मांडवाचे बांबू सुटत असताना त्यांनी मला विचारलं, “येत्या गुरुवारी ना?”

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल पहाटे निघालो. खेडपर्यंत एस.टी., तिथून वाडा गावाची गाडी, पुढे पायी. चाकणला कळवून ठेवल्याप्रमाणे धोंडीबा फाट्यावर काठ्या घेऊन उभा होता. वहिनी न कुरकुरता चढल्या. माझीच दमछाक झाली. त्यांच्या खांद्यावर कापडी पिशवी होती, मी घेतो म्हटलं तर दिली नाही.

शेपूट एका दरडीला टेकून पडलंय. करवंदीच्या जाळ्या, शेरडांच्या लेंड्या. बाजूला दगडांच्या राशी, त्यांवर गवत. मी आयुष्यभर सुटे भाग बघितले, पण एवढा मोठा तुकडा एकत्र कधी बघितला नव्हता. ते बघून मला शरम वाटली. कॉटखाली मी जे ठेवतो ते कुणाच्या तरी अंगावरून उतरवलेलं आहे, असं प्रथमच मनात आलं.

दरड आणि पत्रा यांमधल्या फटीत माती साठली होती. मी हाताने उकरायला लागलो. के निघाला. टी निघाला. सहा. एक. शेवटच्या आकड्याशी माझे हात थांबले, खरंच पुढे जाईनात. वहिनींनी मला बाजूला केलं, पदर ओला केला आणि पत्रा पुसला.

तीन होता. स्वच्छ, मोठा, वीतभर उंच तीन. डावीकडून उघडा.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. म्हणजे आणखी शोधायचं. म्हणजे तो अजून कुठेतरी, कुठल्या तरी दरडीशी, किंवा नाहीच. हिंदुरावाची वखार, चाकण, दर गुरुवार, पुन्हा.

वहिनी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

“आठ आहे ना, भावजी?”

चष्मा घरी विसरल्या होत्या, त्यामुळे दिसलं नसणार.

धोंडीबा बाजूला विडी पेटवत होता. वहिनींनी पिशवीतून डबा काढला होता. आत भात होता, त्यावर दही, तीळ. पांढऱ्या सुती लुगड्याची घडीही दिसत होती. एवढं सगळं त्यांनी घरूनच भरून आणलं होतं.  मी म्हटलं, “वहिनी, नीट बघा...” त्या मधेच म्हणाल्या, “तुम्ही बघितलंत ना? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. तुम्ही सांगा. मी फार दमले हो.”

एवढ्या वर्षांत त्या दमल्या असं म्हणाल्याचं मला आठवत नाही.

“हो,” मी म्हणालो. “आठ आहे.”

त्यांनी मान हलवली. एका राशीजवळ पान मांडलं, भात वाढला, बाजूला होऊन उभ्या राहिल्या. मग बाकीच्या राशींवरही एकेक मूठ ठेवली. “ह्यांच्याही घरी कुणी वाट बघितली असेल,” म्हणाल्या. त्यानंतर झऱ्यावर जाऊन कपाळ धुतलं आणि लुगडं बदलून आल्या. मी दुसरीकडे बघत होतो.

मुक्काम धोंडीबाकडेच केला. सकाळी उतरताना त्या पुढे होत्या. वळणावर थांबून म्हणाल्या, “आता गुरुवारी घरी थांबत जा. सुमेधा एकटी असते.” मी नुसती मान डोलावली, पण त्या पाठमोऱ्या होत्या, त्यांना ती दिसली नाही.

दुपारी घरी पोचलो. सुमेधाने दार उघडलं आणि वहिनींकडे बघून तिच्या हातातली वाटी खाली पडली. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी उंबऱ्याबाहेरच होतो. मग सुमेधाने वर बघून विचारलं, “नक्की?”

मी तिच्याशी कधी खोटं बोललेलो नाही. कारखान्यातही चुकीच्या नगाला कधी पास म्हटलं नाही.

“नक्की,” म्हणालो. “मी स्वतः वाचला.”

तिने मोरीत थंड पाण्याची बादली काढून ठेवली. मी कपड्यांसकट अंगावर पाणी घेतलं आणि दादासाठी प्रथमच रडलो, मोठ्याने.